तिचा हात कानाला पोचला नव्हता

बाई, तुमच्या तेराव्याला मी आले होते. जेवले मात्र नाही. तुमचे यजमान, आमचे काका, दारात उभे राहून प्रत्येकाला "जेवून जा" म्हणत होते. मलाही म्हणाले, आणि मी पोटाचं काहीतरी कारण सांगून जिना उतरले. मी किती सहज खोटं बोलते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

तुम्ही गेल्याचं मला तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं, मधल्या सुट्टीत. तुमचा तो जुना फोटो, ज्यात तुम्ही कुणावर तरी ओरडायच्या बेतात दिसता, आणि खाली जोडलेल्या हातांची रांगच रांग. मीही दोन हात जोडून टाकले. मग वर्गात जाऊन तिसरीला पाढे म्हणायला लावले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तीन महिने आपण बोललो नव्हतो. आता बोलायचं ते असं, एकटीनं. मध्येच "वैशाली, मुद्द्यावर ये" म्हणायला तुम्ही नाही, तर मीच येते.

गुरुवारी हायकोर्टात त्या मुकादमाच्या अपिलाची तारीख आहे. पोरीचं नाव मी लिहिणार नाही. कायद्यानं लिहायचं नसतंच, आणि तुम्हीही शेवटपर्यंत "आपली पोर" एवढंच म्हणत आलात. पनवेलच्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलं, शिक्षा दिली, आणि अपील दाखल होऊन तो जामिनावर सुटला. तो राहतो तिच्याच वाडीच्या फाट्यावर. बिल्डरच्या साइटवर माणसं नेणारा मुकादम आजही तोच. तिच्या भावाला सकाळी त्याच्याच टेम्पोत चढावं लागतं. अपील मान्य झालं तर तो निर्दोष ठरेल आणि पोर खोटारडी. आणि ते मान्य व्हायला जी फट लागते, ती आपण दोघींनी सतरा वर्षांपूर्वी, जून महिन्यात, शाळेच्या पडवीत बसून करून ठेवली आहे.

आठवतंय ना? मी शिक्षण सेवक म्हणून लागून जेमतेम वर्ष झालं होतं. दोन शिक्षकी शाळा. तुम्ही मोठ्या बाई, मी छोट्या बाई. पट एकोणीस. वीसच्या खाली गेलेल्या शाळा बंद करायच्या अशी तेव्हा हवा होती. शाळा बंद झाली असती तर वाडीतल्या पोरांना हायवे ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं की ती जाणार नाहीत. दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातील आणि तिथेच राहतील. तुम्ही रोज सकाळी वाडीत फिरून एकेक पोर झोपडीतून ओढून आणत होतात. माझ्यासारख्या ठाण्याहून आलेल्या मुलीला तो प्रकार बघून लाज वाटायची. या मोठ्या बाई आहेत की दंगल करणाऱ्या, असं मी आईला फोनवर सांगितलं होतं.

त्या दिवशी तुम्ही तिला कडेवर घेऊन आलात. नाक वाहतंय, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. आई मागून येत होती. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा, म्हणून शाळेत घेताना आपण जे सगळ्यांना सांगायचो तेच तिलाही सांगितलंत. उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. पोचला हात तर सहा वर्षांची, घाला पहिलीत. तुमच्या आधीच्या गुरुजींनी तसंच केलं होतं, त्यांच्या आधीच्यांनीही.

तिचा हात कानाला पोचला नव्हता. बोटं कानाच्या वर चार बोटं राहिली आणि तिथेच केसात खाजवत बसली. मी हसले. आई म्हणाली, "बाई, लय बारकी हाय ओ ती. तुमी वाडीवं आल्या त्याच भादव्यात झाली, तुमी नाय का झबला आनलेला?" तुम्ही म्हणालात, "मला माहीत आहे गं." तुम्हाला माहीत होतं. पाच वर्षंही पुरी नव्हती. मग तुम्ही तिची मान हातानं कलती केलीत, एवढीशी, आणि बोटं कानाला लागली. "पोचला. लिही वैशाली, एक जून." मी जनरल रजिस्टरात लिहिलं. वाडीतली सगळी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती. तिचं फक्त वर्ष मागे गेलं. सव्वा वर्ष. खाली तुम्ही सही केलीत. पट वीस झाला, आणि तुम्ही डब्यातलं सुकट मला वाढून म्हणालात, "खा. शाळा वाचली."

शाळा खरंच वाचली, हे मी नाकारत नाही. त्या पोरांतले दोघे आज रिक्षा चालवतात, एकजण नर्सिंगला आहे. पोर स्वतः सातवीपर्यंत शिकली, वाचायला शिकली, आणि पुढे कोर्टात आपला जबाब तिनं स्वतः वाचून सही केली. हे तुमचं आहे. मी नुसती तुमच्या मागे मागे चालत होते. शिकवणं म्हणजे काय हे मला कॉलेजात नाही, तुमच्याबरोबर त्या चिखलात कळलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच "पुरे" म्हणाला असता.

त्या मुकादमानं तिच्याशी काय केलं ते मी इथं लिहिणार नाही. ती साइटवर कामाला होती, त्याच्या हाताखाली. तिनं नको म्हटलं होतं, हे तिनं सांगितलं. त्याचं म्हणणं, राजीखुशीचा मामला, मुलगी सज्ञान. आणि पुराव्याला आपला दाखला, एक जूनवाला. दाखल्याप्रमाणे ती तेव्हा अठरा वर्षं आठ महिन्यांची. खरी सतरा वर्षं पाच महिन्यांची. पोरीच्या वकीलबाईंनी मला हे एकदा समजावून सांगितलं होतं. अठराच्या आतल्या पोरीला "मी नको म्हटलं" हे सिद्ध करावं लागत नाही, अठराच्या वरच्या बाईला करावं लागतं. आणि पत्र्याच्या बंद खोलीत म्हटलेलं नको कुणी ऐकलेलं नसतं.

तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. पेपरात वाचलंत, वाडीत गेलात, आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात. "दाखला खोटा आहे. मी लिहिला." साहेब म्हणाले, बाई, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "मी लोकांना अर्थ शिकवायचे." हे तुम्ही मला हसत हसत सांगितलंत, खांदा कॉलनीतल्या तुमच्या घरी, आणि मी विचारलं, "मी लिहिला, असं का म्हणालात?" तुम्ही स्वयंपाकघरात गेलात.

साक्षीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. अशा खटल्यांची सुनावणी बंद खोलीत असते. आत काय झालं ते नंतर रसवंतीवर तुमच्याकडून कळलं. त्याच्या वकिलानं तुम्हाला दोन तास सोलून काढलं होतं.

"म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटी नोंद केलीत?"

"केली."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

"आज मला पट भरायचा नाही."

हे सांगताना तुम्ही रसाचा ग्लास टेबलावर आपटलात आणि दोन माणसं वळून बघायला लागली. मी हसून लोटपोट झाले. मग तुम्ही सहज सांगितल्यासारखं म्हणालात, "अक्षर कुणाचं विचारलं त्यानं. मी म्हटलं, माझं."

मी म्हणाले, "बाई, ते अक्षर माझं आहे."

"गप्प बस. तू यात नव्हतीसच. मी निवृत्त झाले, माझं काय करायचं ते करतील. तुझी नोकरी जायला वेळ नाही लागायचा. पोरगी लहान आहे तुझी."

तेव्हा मला काय वाटलं, ते आज सांगते. हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, मग शरमले, आणि शरमेपेक्षा हायसं वाटणं जास्त वेळ टिकलं. मी तुमचा हात धरला आणि तुम्ही तो झटकलात, कारण रस्त्यात असले प्रकार तुम्हाला चालत नसत. न्यायाधीशांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. स्वतःला अडकवणारी गोष्ट माणूस उगाच सांगत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुमच्या मागे खात्याची चौकशी लागली. वर्षभर तुम्ही अलिबागच्या खेपा घातल्यात आणि मला एकदाही बरोबर येऊ दिलं नाहीत. मी मात्र दर दिवाळीला तुमच्याकडे फराळाचा डबा आणत राहिले, मनातलं ओझं चकलीबरोबर पोचवून टाकायला.

मग हायकोर्टात त्यानं नवा वकील दिला. त्या माणसानं कागद नीट बघितले, एवढंच केलं. रजिस्टरातली नोंद टपोऱ्या, गोल अक्षरात. खालची सही तुमची, वाळूत खेकडा चालून गेल्यासारखी. आता त्याचा मुद्दा हा, की मुख्याध्यापिका म्हणते नोंद मी केली, पण उघड्या डोळ्यांना दिसतंय की तिनं केलेली नाही. म्हणजे ती शपथेवर खोटं बोलली. जी इथे खोटं बोलली, तिच्या तोंडच्या वयावर भरवसा कसा ठेवायचा? उरतो कागद. कागद सांगतो अठरा.

हस्ताक्षर स्पर्धेत मला दोनदा पहिला नंबर मिळाला होता, बाई. प्रमाणपत्र तुमच्याच हातून घेतलं होतं.

आणि तुम्ही मला बोलावून घेतलंत. त्या दुपारबद्दल मी कुणाशीच बोललेले नाही. काका बँकेत गेले होते. तुम्ही चहा केलात, आलं घालून, मला आवडतो तसा. समोर बसलात आणि म्हणालात, "वैशाली, आता तू बोल."

मी समजले नाही असं दाखवलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "वकीलबाई म्हणतात, अपिलातही नवी साक्ष घेता येते, कोर्टानं परवानगी दिली तर. तू सांग अक्षर तुझं आहे. मी सांगते मी तुला वाचवायला खोटं बोलले. दोघी मिळून सांगू. पोरीचं वय तेवढं वाचेल."

"तुम्हीच गप्प बस म्हणाला होतात."

"तेव्हा म्हटलं. आता नाय म्हणत."

तुमची माहेरची, करंज्याची बोली चिडलात की बाहेर यायची. मला ते कळायला हवं होतं. मी माझं सुरू केलं. मुलगी बारावीत आहे. बढतीच्या यादीत नाव आहे. नवऱ्याचं काम सुटलंय. सगळं खरं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मी तुझ्यासाठी जे केलं ना, त्याचा फास तिच्या गळ्यात पडलाय. मला झोप नाय लागत."

आणि मी म्हणाले, "मान तुम्ही कलती केलीत बाई. सही तुमची आहे. निस्तरायचं तुम्हीच."

हे मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून निघाले. तुमच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. तुम्ही दोन्ही कप उचललेत, माझा अर्धा भरलेला होता तरी. दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "जपून जा, खाली रस्ता खणलाय." खाली खरंच खणलेला होता. खांदा कॉलनीत तो कधी नसतो खणलेला? ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तीन महिने मी रोज ठरवत होते, रविवारी जाईन. रविवारी धुणं निघायचं. तुम्हीही फोन केला नाहीत, आणि मला त्याचा राग यायचा, खरं सांगते. मला वाटायचं, बाईंनी अजून एकदा विचारावं, मग मी हो म्हणेन. अजून एकदाच. माझ्यासाठी इतकं काही केलेल्या माणसानं पुन्हा माझ्या दाराशी यावं, अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही आला नाहीत. आंघोळ करून देवापुढे बसलात आणि तिथेच कलंडलात, असं काका सांगत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेले. जुन्या पनवेलात, कोर्टाजवळच्या गल्लीत, त्यांचं ऑफिस आहे. विधी सेवेतर्फे त्याच पोरीचं काम बघतात आणि गुरुवारी मुंबईत त्याच उभ्या राहणार. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तुम्ही महिन्याभरापूर्वी का नाही आलात? दोघी असतात तर एकमेकींना जोडून काही सांगता आलं असतं. आता एक मयत आणि एक उशिरा बोलणारी. ते म्हणणार, बाई गेल्या, आता कुणीही काहीही सांगेल. कोर्ट अर्ज घेईलच असं नाही."

"घेतला नाही तर?"

"तर कागद बोलेल."

मी म्हणाले, तरी लिहा. त्या लिहीत गेल्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "मयत मुख्याध्यापिका शपथेवर खोटं बोलल्या, असं तुम्ही शपथेवर सांगताय. बरोबर?" मी हो म्हणाले. ज्या बाईनं मला उभं केलं, तिला मी हो म्हणून खोटं ठरवलं, आणि टायपिस्टनं ते ओळीत बसवलं.

सही करायच्या आधी काकांना सांगणं भाग होतं. ते गॅलरीत तुमच्या साड्यांच्या घड्या घालत बसले होते, चुकीच्या. मी सांगत गेले आणि त्यांचे हात थांबले.

"ती असताना का नाही बोललीस?"

मी एक साडी घडीसाठी उचलली, त्यांनी ती काढून घेतली.

"आता ती खोटारडी होती, हे कोर्टाच्या कागदावर चढवणार तू? ती गेल्यावर? तिला एका शब्दाचं उत्तर देता येणार नाही तेव्हा?"

"काका, पोरीसाठी..."

"पोरीसाठी तिनं वर्षभर अलिबागला चपला झिजवल्या. तू काय केलंस?" मग आवाज खाली आला. "कर काय करायचं ते. तिनं तेच सांगितलं असतं. पण मला येऊन सांगू नकोस पुन्हा." त्यांनी साडी उलगडली आणि नव्यानं घडी घालायला घेतली. ते बरोबर बोलले. माझ्यावर ओरडायला कुणीतरी उरलं, याचं मला बरंच वाटलं.

सही केली, बाई. नोटरीचा शिक्का बसला. तुमच्या त्या एका साक्षीत तुम्ही पोरीसाठी खरं बोललात आणि माझ्यासाठी खोटं. आता मुंबईतल्या माणसांनी ती दोन्ही वेगळी करायची आहेत, ज्यांनी तुम्हाला कधी बघितलं नाही, सकाळी वाडीत पोरं ओढताना तर नाहीच. मला वाटत नाही त्यांना जमेल. मी खूप प्रयत्न करते आशा धरायचा आणि मला वाटत नाही. तो सुटेल आणि टेम्पो घेऊन फाट्यावर उभा राहील. पोरीच्या घरच्यांना कुठेतरी निघून जावं लागेल. चिरनेरकडे तिच्या मावशीकडे जायचं म्हणतात. माझी नोकरी राहील किंवा जाईल. त्याचं आता काही वाटत नाही, आणि असं तीन महिन्यांपूर्वीच झालं नाही, याच्यासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही.

एकच माणूस उरलं होतं सांगायचं, आपली पोर. काल शाळा सुटल्यावर पाळणाघरात गेले, तुम्हीच तिला लावून दिलं होतं तिथे. ती एका बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. खाली चटईवर आणखी दोघं रडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, रजिस्टर, अक्षर, साक्ष, सगळं. ती थोपटायची थांबली नाही.

"म्हंजी मोठ्या बाई कोरटात खोटा बोलल्या?"

"हो."

"माज्यासाठी?"

"नाही गं. तुझ्यासाठी त्या खरं बोलल्या. ते एक माझ्यासाठी खोटं. मला वाचवायला."

खांद्यावरचं बाळ झोपलं होतं.

"तुमाला बाईंनी वाचवला," ती म्हणाली. "आन् मंग मला कोन वाचवनार व्हता? तुमीच ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. तिनं ते बाळ हळूच खाली ठेवलं आणि रडणारं दुसरं उचललं.